स्त्रीच्या बाह्य जननेंद्रियांची ओळख : एक आढावा

देगलूर हा नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा तालुका. एका अंगास तेलंगण, दुसऱ्या अंगास कर्नाटकाचा बिदर जिल्हा, आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत याच तालुक्याची बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे तेलुगू मुलखाकडे गेल्यामुळे सरहद्द अगदी लगत आलेली. अशा या ठिकाणी दवाखान्याच्या व्हरांड्यात मराठी, तेलुगू, कानडी, दखनी आणि तांड्यावरची गोरमाटी अशा पाच बोली एकाच सकाळी कानी पडाव्यात, हे स्वाभाविकच आहे. परंतु या पाचही बोली बोलणाऱ्या स्त्रिया एका दुखण्यापाशी सारख्याच अडखळतात. ‘खाली आग होते’, ‘अंगावरून पांढरे जाते’, ‘जागेवर गाठ आली’ एवढे सांगून बाई पदर तोंडाशी नेते. आग मूत्रद्वाराशी आहे, योनिद्वाराशी आहे, की केवळ बाहेरच्या त्वचेला आहे, हा डॉक्टरांच्या दृष्टीने पहिला आणि निर्णायक प्रश्न असतो. आणि त्याचे उत्तर तिला देता येत नाही, कारण या तीन जागा निरनिराळ्या आहेत हेच तिला आयुष्यात कोणी सांगितलेले नसते. ज्या अवयवांची ओळख करून घेण्यास शस्त्र लागत नाही, सूक्ष्मदर्शक लागत नाही, केवळ उजेड आणि हातातला आरसा पुरतो, त्यांच्याविषयीचेच अज्ञान आपल्यात सर्वांत दाट राहिले, आणि त्याची झळ दवाखान्यात, न्यायालयात व संसारात स्त्रीलाच सोसावी लागली, असे माझे मत आहे.

हे अज्ञान परंपरेनेच आपल्या पदरी बांधले, असे मात्र म्हणता येणार नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शवपरीक्षेची पद्धत वर्णिली आहे : प्रेत गवताने वेढून, पिंजऱ्यात ठेवून, मंद वाहत्या पाण्यात सात रात्री कुजू द्यावे आणि मग कुंच्याने एकेक थर अलगद घासून पाहावा. ही पद्धत सांगणारा आचार्य त्याच स्थानात शरीराच्या बाहेर उघडणाऱ्या स्रोतांची गणना करताना पुरुषाची नऊ सांगतो आणि स्त्रीची त्यांहून तीन अधिक मोजतो. दोन स्तनांची व एक अधोभागी, आर्तव वाहणारे. मूत्राचा मार्ग निराळा आणि रजाचा मार्ग निराळा, ही गोष्ट इतक्या प्राचीन काळी आपल्याकडे निःसंदिग्धपणे नोंदली गेली होती. आणि आज लघवी व पाळी एकाच वाटेने येतात असा समज शिकल्यासवरल्या घरांतही आढळतो. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातही वीस योनिव्यापदांचे, म्हणजे या भागाच्या व्याधींचे, सविस्तर विवेचन आहे.

मराठवाड्याच्या मातीत तर या अवयवांना पूजास्थानही लाभले होते. तेर येथे सापडलेल्या लज्जागौरीच्या प्रतिमा, मस्तकहीन, गुडघे दुमडून मांड्या विलग केलेल्या, इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील आहेत, आणि रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ या १९७८ च्या ग्रंथात या देवीचा संबंध रेणुका-यल्लम्मेच्या उपासनेशी जोडून दाखविला. त्या रेणुकेचे माहूर हे पीठ आमच्याच जिल्ह्यात आहे. देगलूरपासून जवळच असलेल्या होट्टलच्या सिद्धेश्वर मंदिरावर सुरसुंदरी कोरणाऱ्या चालुक्यकालीन पाथरवटालाही स्त्रीदेहाचा संकोच वाटलेला दिसत नाही. परंतु प्रतिमा ही पूजेसाठी असते. तिच्यात भग हे सृजनाचे एक अखंड चिन्ह म्हणून येते, त्याचे घटक कोणते आणि त्यांचे कार्य काय, हे ती सांगत नाही. म्हणून पूज्यभाव टिकला तरी माहिती टिकली नाही.

ती माहिती अशी. स्त्री उताणी निजून गुडघे दुमडून विलग करते तेव्हा जो भाग दृष्टीस पडतो, त्या सर्वाला मिळून भग म्हणतात. योनी हा त्याच्या आतला, गर्भाशयाच्या मुखापर्यंत जाणारा स्नायुमय मार्ग असून व्यवहारात या दोहोंची नेहमी गल्लत होते. भगाच्या सर्वांत वर, दोन जघनास्थी जेथे जुळतात त्यावर, मेदाची मऊ गादी असते आणि वयात येताना तिच्यावर केस उगवतात. तेथून खाली दोन जाड घड्या उतरतात. हे बृहद्भगोष्ठ. त्यांच्या बाह्य पृष्ठावर केस, आत मेद, आणि त्वचेत घामाच्या व तैलग्रंथी असतात, म्हणूनच केसतोड आणि गळवे येथे होतात, आणि पुष्कळदा अशा साध्या गळवालाच गुप्तरोग समजून बाई महिनोन्महिने झाकून ठेवते.

त्यांच्या आत लघुभगोष्ठ. या पातळ, केशरहित, मेदविरहित घड्या असून रक्तवाहिन्या व मज्जातंतू यांनी त्या समृद्ध असतात. माणसामाणसाच्या कानांची ठेवण जशी वेगळी, तशीच यांची. कोणाच्या झाकलेल्या, कोणाच्या बाहेर डोकावणाऱ्या, एक बाजू लांब तर दुसरी आखूड, रंग गुलाबी, तपकिरी वा काळसर, आणि हे सारे प्रकृतीचेच प्रकार आहेत. हे आग्रहाने सांगावे लागते, कारण अलीकडे मोठ्या शहरांतून या घड्या ‘सारख्या’ करून देणाऱ्या शस्त्रक्रियांचा व्यापार वाढला आहे, आणि मोबाईलवर पाहिलेल्या चित्रांशी स्वतःला ताडून पाहणाऱ्या मुली आता खेड्यांतही आहेत.

लघुभगोष्ठ वरच्या टोकाला एकत्र येऊन ज्या लहान उंचवट्याला टोपी घालतात, ती शिश्निका. बाहेर दिसते ते केवळ तिचे अग्र. तिचा दांडा आत वळतो, तेथून दोन पाय फुटून ते श्रोणीच्या हाडाला दोन्ही बाजूंनी चिकटतात, आणि योनिद्वाराच्या दोहो अंगांस रक्ताने फुगणारे आणखी दोन कंद असतात. उत्तेजित अवस्थेत हे सर्व फुगते, कारण पुरुषाच्या शिश्नाची व हिची घडण एकाच मूळ ऊतीतून झालेली आहे. गर्भाच्या आठव्या आठवड्यापर्यंत मुलगा व मुलगी यांची बाह्य इंद्रिये सारखीच दिसतात. पुढे पुरुषी संप्रेरकांच्या प्रभावाने त्याच उंचवट्याचे शिश्न व त्याच घड्यांचा वृषणकोश होतो, आणि तो प्रभाव नसेल तर शिश्निका व बृहद्भगोष्ठ होतात. या प्रक्रियेत क्वचित गोंधळ होतो. जन्मलेल्या मुलीची शिश्निका मोठी दिसली तर सुईणीने वा नर्सताईंनी ते सहज घेऊ नये. त्यामागे अधिवृक्क ग्रंथीचा जन्मजात दोष असू शकतो, आणि त्याच्या एका प्रकारात दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास शरीरातील मीठ झपाट्याने कमी होऊन बाळ दगावते. वेळीच ओळखले तर औषधाने ते वाचते.

लघुभगोष्ठांच्या मधल्या जागेत वरून खाली प्रथम मूत्रद्वार व नंतर योनिद्वार येते. स्त्रीची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटिमीटर लांबीची, पुरुषाची सुमारे वीस; तिचे तोंड योनीच्या व गुदद्वाराच्या इतके लगत असल्याने जंतू मूत्राशयात सहज चढतात. कापूस वेचण्याच्या हंगामात दिवसभर उन्हात, आडोसा नाही म्हणून लघवी आवरून धरणाऱ्या आणि त्यासाठी पाणीच कमी पिणाऱ्या मजूर बायकांना लघवीची जळजळ वरचेवर का होते, याचे उत्तर या शरीररचनेत आणि त्या आडोशाच्या अभावात मिळून आहे. धुताना पुढून मागे धुवावे, हा साधा नियम याच रचनेतून निघतो. योनीच्या आत मात्र साबण, डेटॉल वा तुरटीचे पाणी घालू नये. तेथील हितकर जंतू आम्लता राखून रोगजंतूंना आवरतात आणि आतली धुलाई शरीर स्वतः करते. योनिद्वाराच्या खालच्या अंगास डावी-उजवीकडे बार्थोलिन ग्रंथींची बारीक मुखे असतात. त्यांचा स्राव ओलावा देतो. मुख बुजले की वेदनादायक गाठ होते, आणि ती निचरा करून बरी होते.

योनिद्वार आणि गुदद्वार यांच्यामधला जो भाग, त्याला विटप म्हणतात. त्यात श्रोणीच्या तळाचे स्नायू एकवटतात. बाळंतपणात हा भाग फाटतो, कधी कात्रीने कापावा लागतो, आणि फाटलेले नीट शिवले गेले नाही, त्यावर लागोपाठ बाळंतपणे झाली, बाळंतिणीने महिन्याभरात डोक्यावर ओझे घेतले, की पुढे ‘अंग बाहेर येते’. आमच्या भागातील कित्येक वृद्ध स्त्रिया हे दुखणे नशिबाचे समजून कापडाची घडी दाबून आयुष्य काढतात.

युरोपात हे शास्त्र सरळ रेषेत वाढले असे समजण्याचे कारण नाही. १५५९ मध्ये इटालियन शारीरज्ञ कोलंबो याने शिश्निकेच्या शोधाचा मान स्वतःकडे घेतला आणि त्याच काळातील दुसरा शारीरज्ञ फालोप्पिओ याने त्यावर हक्क सांगितला; १६७२ मध्ये डच वैद्य द ग्राफ याने स्त्रीच्या जननेंद्रियांवरील ग्रंथात तिचे काळजीपूर्वक वर्णन केले; १८४४ मध्ये जर्मन शारीरज्ञ कोबेल्ट याने तिचे आतले पाय व कंद यांच्या नेटक्या आकृत्या प्रसिद्ध केल्या. आणि एवढे झाल्यावरही विसाव्या शतकातील बहुतेक पाठ्यपुस्तकांनी पुरुषाच्या अवयवाला पानेच्या पाने देऊन स्त्रीच्या अवयवाची बोळवण एक-दोन ओळींत केली. १९९८ मध्ये मेलबर्नच्या मूत्ररोगशल्यविशारद हेलन ओकॉनेल यांनी शवविच्छेदन करून शिश्निकेचा खरा विस्तार पुन्हा मांडला, तेव्हा तो नवा शोध वाटावा इतके जुने ज्ञान विस्मृतीत गेले होते. तिच्या मज्जातंतूंचा आठ हजार हा जो आकडा सर्वत्र छापला जात होता, तो मुळात गुरांवरील अभ्यासातून उचललेला होता. मानवी तंतूंची मोजणी २०२२ मध्ये झाली आणि ते दहा हजारांहून अधिक भरले. याच अवयवाचा छेद करण्याची रूढी आफ्रिकेतील अनेक देशांत आहे, आणि आपल्याकडे दाऊदी बोहरा समाजातील स्त्रियांनी पुढे येऊन तिच्याविरुद्ध आवाज उठविल्यानंतर २०१७ मध्ये ती बाब सर्वोच्च न्यायालयापुढे गेली.

परंतु महाराष्ट्राच्या दृष्टीने पाहता सर्वाधिक अनर्थ ज्या अवयवाच्या अज्ञानाने झाला, तो म्हणजे योनिपटल. योनिद्वाराच्या कडेने असलेली ही त्वचेची पातळ, लवचीक घडी. द्वार पूर्ण झाकणारा हा पडदा नव्हे. ती बहुधा कड्यासारखी वा अर्धचंद्राकृती असते, क्वचित तिला एकाहून अधिक छिद्रे असतात, कधी ती जन्मतः नाममात्रच असते. पहिल्या संबंधात रक्त येईलच असे नाही, पुष्कळ स्त्रियांना येत नाही; संबंधानंतर ती फाटतेच असेही नाही; आणि ती पाहून कोणाही वैद्याला स्त्रीच्या पूर्वायुष्याविषयी निर्णय देता येत नाही. ज्या मुलीत ती पूर्ण बंद असते, अशी हजार-दोन हजारांत एखादी, तिला तेराव्या-चौदाव्या वर्षी दर महिन्याला पोटात कळा येतात पण पाळी दिसत नाही, रक्त आत साठत जाते. एका लहानशा छेदाने तिची मुक्तता होते. अशी मुलगी देवाधर्माच्या फेऱ्यात महिने घालविते, आणि कोणी एकदा नीट पाहिले असते तर तेवढ्यातच निदान झाले असते, ही गोष्ट मनाला फार लागते.

या घडीवर न्यायालयांनी किती भार टाकला, याचा महाराष्ट्रातील दाखला १९७२ चा आहे. त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची फिर्याद झाली. वैद्यकीय तपासणीत योनिपटलाच्या चिरा जुन्या असल्याची व दोन बोटे सहज जात असल्याची नोंद झाली, सत्र न्यायालयाने तीवरून मुलगी सरावलेली असल्याचा निष्कर्ष काढून आरोपींना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी धरले, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना मुक्त केले. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीमुळे १९८३ मध्ये कायदा बदलला. पुढे सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेतील डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी या दोन बोटांच्या चाचणीला शास्त्राचा आधार नाही हे चिकाटीने मांडले, आणि २०१९ मध्ये नाशिकच्या आरोग्यविज्ञान विद्यापीठाने कौमार्याच्या खुणांचा पाठ अभ्यासक्रमातून काढून टाकला. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही चाचणी करणाऱ्यास गैरवर्तनाचा दोषी धरण्यात येईल, असे बजावले. २०१३ च्या दुरुस्तीने बलात्काराच्या व्याख्येतील योनी या शब्दात बृहद्भगोष्ठांचाही समावेश केला, ही तर माझ्या मते शरीरशास्त्र आणि कायदा यांची योग्य गाठ होय. बाहेरच्या अवयवावरील अत्याचार आत किती गेला याच्या मापाने मोजू नये, हे त्यातून कायम झाले. कंजारभाट समाजात लग्नाच्या रात्री पांढऱ्या चादरीवरील डाग पाहण्याची रूढी आहे, आणि तिच्याविरुद्ध त्याच समाजातील तरुण-तरुणींनी २०१८ च्या सुमारास पुण्यात मोहीम उघडली. स्वतःच्या जातपंचायतीचा रोष पत्करून केलेले ते काम मोठे आहे.

आता दवाखान्याकडे. राणी बंग व अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले : ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, सरासरी प्रत्येकीस तीनाहून अधिक, आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या होत्या केवळ ८ टक्के. स्त्रीआरोग्य म्हणजे बाळंतपण व कुटुंबनियोजन, ही सरकारी दप्तरातील समजूत या एका अभ्यासाने हलली. राणी बंग यांच्या ‘कानोसा’ या पुस्तकात खेड्यातील स्त्रिया आपल्या देहाविषयी काय जाणतात व काय मानतात ते वाचावयास मिळते. पुरंदर तालुक्यात ‘मासूम’ या संस्थेने आणखी एक पाऊल टाकले. तेथे गावातल्याच बायका प्रशिक्षित होऊन आरसा व स्पेक्युलम (योनी आतून पाहण्याचे उपकरण) यांच्या साहाय्याने स्वतःची व एकमेकींची तपासणी करावयास शिकल्या.

याच्या उलट चित्र बीड जिल्ह्याचे. २०१९ मध्ये सरकारी समितीने ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती घेतली तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. मुखेड, कंधार, लोहा या आमच्या जिल्ह्यातील तालुक्यांतूनही टोळ्या कारखान्यांवर जातात, म्हणून हे आम्हाला परके नाही. अंगावरून पांढरे जाणे हे पुष्कळदा योनीच्या जंतुसंसर्गाचे वा केवळ निसर्गक्रमाचे लक्षण असते; पाळीच्या मध्यावर येणारा स्वच्छ, ताणला जाणारा स्राव निरोगी असतो, आणि दुर्गंध, खाज, दह्यासारखे कण वा हिरवट रंग असेल तर गोळ्यांनी तो बरा होतो. स्राव कोठून येतो व कशाने येतो हे जिला ठाऊक नाही, तिला ‘पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल’ असे सांगून शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेणे सोपे जाते.

मराठीत हे ज्ञान छापील स्वरूपात आणण्याचे श्रेय प्रथम र. धों. कर्वे यांचे. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, जुलै १९२७ पासून मृत्यूपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले, वाचकांच्या देहविषयक शंकांना सरळ शब्दांत उत्तरे दिली, आणि त्यासाठी अश्लीलतेचे खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. तरी दंड झालाच. पुढे डॉ. विठ्ठल प्रभू यांच्या ‘निरामय कामजीवन’सारख्या पुस्तकांनी ते काम चालू ठेवले. शाळेत मात्र पाऊल अडखळत राहिले. २००७ मध्ये लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम विधिमंडळातील विरोधामुळे थांबविण्यात आला, आणि शालेय पुस्तकांतील आकृती आजही बहुधा बीजांडकोश, बीजवाहिनी व गर्भाशय यांची असते. जो भाग मुलीला रोज धुवावा लागतो, त्याची आकृती तिला दाखविली जात नाही, हा दोष दूर करणे शिक्षणखात्याच्या हाती आहे.

बाल्य आणि वार्धक्य या दोन टोकांविषयी तर आपण फारच कमी बोलतो. लहान मुलीची त्वचा तेथे अतिशय नाजूक असते, आणि लघुभगोष्ठ कधी एकमेकांना चिकटतात. घाबरून ओढून सोडवू नये, बहुधा ते वयासोबत आपोआप सुटतात. पाळी गेल्यावर संप्रेरक घटून त्वचा विरळ व कोरडी होते, लघवीची आग होते. मात्र साठीनंतर तेथे सतत खाज, पांढरट चकाकणारे चट्टे, किंवा न भरणारी जखम दिसली, तर ती केवळ वयाची म्हणून सोडू नये. चट्टे हा बहुधा औषधाने आटोक्यात राहणारा त्वचारोग असतो. पण थोड्या जणींत त्यातून भगाचा कर्करोग उद्भवतो, आणि वर्षानुवर्षे दुकानातील मलम लावण्यात तो हाताबाहेर जातो. जागा बधिर करून चट्ट्याचा बारीक तुकडा काढणे हे थोड्या मिनिटांचे काम आहे, आणि तो तपासणारे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय देगलूरपासून सुमारे ८० किलोमीटरवर, नांदेडच्या विष्णुपुरीत आहे. सासूला किंवा आईला तेथवर नेण्याआधी घरातल्या सुनेने वा लेकीने तिला एकदा स्पष्ट विचारले पाहिजे : खाज कोठे आहे, केव्हापासून आहे, आणि आपण आरशात पाहिले आहे काय?